१२ व्होल्टचा झटका लागत नाही, आग लागते: गाडीतल्या ॲम्प्लिफायरसाठी वायर कशी निवडायची

पोळ्याच्या आदल्या दिवशी भाचा पिकअप घेऊन नाशिकच्या सिडकोत घरी आला. पिंपळगावला टोमॅटो उतरवले आणि गावी जायच्या आधी इकडे वळला. गाडीत गाण्यांची नवी सिस्टिम बसवून घेतलेली, तिचीच तक्रार होती. "मामा, आवाज वाढवला की हेडलाइट बारीक होते. आणि परवा वणीच्या रस्त्याला गरम प्लॅस्टिकसारखा वास येत होता."

मी बॉनेट उघडायला लावलं. बॅटरीच्या प्लसवर एक लाल वायर नुसती पीळ देऊन क्लॅम्पखाली दाबलेली होती. घराच्या फिटिंगला वापरतात ती, चार स्क्वेअरची, म्हणजे आतलं तांबं चार चौरस मिलिमीटर. बॅटरीपासून ॲम्प्लिफायरपर्यंत कुठेही फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिन यांच्या मधल्या पत्र्याला एक जुनं भोक होतं, त्यातून ती रबराशिवाय तशीच आत गेली होती. टॉर्च मारून पाहिलं तर पत्र्याची धार वायरच्या प्लॅस्टिकमध्ये रुतलेली. तांब्याच्या दोन तारा उघड्या पडून चमकत होत्या आणि शेजारी पत्र्यावर तिळाएवढा काळा डाग होता. तिथे ठिणगी पडून गेली होती. वायर अजून थोडी घासली असती, तर पुढचं काम बॅटरीने केलं असतं.

भाच्याला ते पटेना. "बाराच व्होल्ट आहेत ना मामा? हात लावला तरी काही होत नाही."

ही समजूत मी किती जणांकडून ऐकली त्याला गणती नाही. अंबडच्या एमआयडीसीत मी १९ वर्षं इलेक्ट्रिकल पॅनेलचं वायरिंग करतो. तिथे ४१५ व्होल्टला सगळे जपून असतात आणि १२ व्होल्टला कोणी मोजत नाही. म्हणून हा विषय मुळापासून सांगतो.

झटका लागतो तो व्होल्टमुळे. कोरड्या कातडीतून १२ व्होल्ट जाणवण्याइतका करंट ढकलू शकत नाहीत, म्हणून हात लावला तरी काही होत नाही. वायर मात्र तापते ती करंटमुळे, म्हणजे ॲम्पिअरमुळे. आणि व्होल्ट जितके कमी, तितकंच काम करायला ॲम्पिअर जास्त लागतात. घरातला ७५० वॅटचा मिक्सर २३० व्होल्टवर सव्वातीन ॲम्पिअर घेतो. तेवढीच ताकद चालू गाडीच्या १३.८ व्होल्टवर घ्यायची म्हटली तर ५४ ॲम्पिअर लागतात. मिक्सरच्या दोरीएवढ्या वायरमधून ५४ ॲम्पिअर नेले तर काय होईल, ते सांगायला नको.

द्राक्षबागेतल्या माणसाला हे पाइपवरून लगेच कळतं. प्रेशर भरपूर असेल तर बारीक पाइपमधूनही काम भागतं. प्रेशर कमी आणि पाणी मात्र तेवढंच हवं असेल, तर मेन लाइन जाड टाकावी लागते. १२ व्होल्ट म्हणजे कमी प्रेशर. त्यामुळे गाडीतली वायर घरातल्यापेक्षा कितीतरी जाड लागते. भाच्याला मी हेच सांगितलं, आणि त्याने पहिल्यांदा त्या लाल वायरकडे नीट पाहिलं.

आता पहिला प्रश्न: तुमचा ॲम्प्लिफायर खरोखर किती ॲम्पिअर घेतो? खोक्यावर ३००० वॅट छापलेलं असेल तर ते बाजूला ठेवा. तो क्षणभराचा, कागदावरचा आकडा असतो. कामाचा आकडा म्हणजे आरएमएस वॅट, जे ॲम्प्लिफायर सतत देऊ शकतो. तो छापलेला नसेल किंवा त्यावर विश्वास बसत नसेल, तर ॲम्प्लिफायरच्या अंगावरचे फ्यूज पाहा. भाच्याच्या ॲम्प्लिफायरवर २५ ॲम्पिअरचे दोन पात्याचे फ्यूज होते. म्हणजे तो जास्तीत जास्त ५० ॲम्पिअरच्या आसपास घेणार. ५० गुणिले १३.८ म्हणजे ६९० वॅट आत जातात. त्यातले सगळे स्पीकरला पोहोचत नाहीत, काही उष्णता होऊन जातात. जुन्या पद्धतीचा क्लास एबी ॲम्प्लिफायर साधारण ६० टक्के बाहेर देतो, नवा क्लास डी ८० टक्क्यांच्या आसपास. भाच्याचा एबी होता, म्हणजे सगळे मिळून ४०० वॅटच्या थोडं वर. खोक्यावरचे ३००० कुठून आले ते छापणाऱ्यालाच ठाऊक, पण वायरची निवड आपण या ५० ॲम्पिअरवर करायची.

दुसरा प्रश्न: वायर किती लांब? बॉनेटमधल्या बॅटरीपासून डिकीतल्या ॲम्प्लिफायरपर्यंत वळणं घेत गेलं की पाच मीटर सहज होतात. तांब्याचा हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या एक मीटर तांब्याचा रोध ०.०१७२ ओहम. त्याला लांबीने गुणा, जाडीने भागा. मग करंटने गुणलं की किती व्होल्ट वाटेत गळतात ते निघतं, आणि ते पुन्हा करंटने गुणलं की वायर किती वॅटने तापते ते.

पाच मीटर आणि ५० ॲम्पिअर धरून बघू. घरगुती अडीच स्क्वेअरच्या वायरमध्ये १.७ व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर ८६ वॅटने तापते. जुना साठचा बल्ब हाताला कसा लागायचा ते आठवा, आणि त्याहून जास्त उष्णता गालिच्याखाली दाबलेल्या वायरमध्ये आहे असं समजा. भाच्याच्या गाडीतली चार स्क्वेअर असती तर ५४ वॅट. दहा स्क्वेअरमध्ये २१ वॅट आणि ०.४३ व्होल्ट. सोळामध्ये १३ वॅट, पाव व्होल्टच्या जरा वर. पंचवीस स्क्वेअरमध्ये साडेआठ वॅट, आणि तेही पाच मीटरभर पसरलेले, म्हणजे हाताला कळणारसुद्धा नाही.

संगीत सतत पूर्ण ताकदीने वाजत नाही, ठोक्याठोक्याला करंट वरखाली होतो, त्यामुळे प्रत्यक्षातली उष्णता या हिशेबापेक्षा कमी असते. तरी मी हिशेब पूर्ण करंटचाच धरतो. लग्नाच्या वरातीत गाडी दोन-दोन तास एकाच जागी, आवाज शेवटापर्यंत आणि बाहेर मे महिन्याचं चाळीस अंशांचं ऊन, हा प्रसंग आपल्याकडे रोजचा आहे. वायर त्या दिवसासाठी निवडायची.

प्लसच्या वायरमध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त गळती होऊ देऊ नये, हा माझा नियम. ५० ॲम्पिअर आणि पाच मीटरला दहा स्क्वेअर काठावर पास होते, सोळा आरामात. ८० ॲम्पिअर लागत असतील तर पंचवीस घ्या. शंभरला पस्तीस, त्याच्या पुढे गेलात तर पन्नास.

इथे गेजचा घोळ समजून घ्या. दुकानात "चार गेज", "आठ गेज", "झिरो गेज" अशी भाषा चालते. ही अमेरिकन मोजणी. यात आकडा लहान तशी वायर जाड. आठ गेज म्हणजे सुमारे ८.४ चौरस मिलिमीटर, चार गेज म्हणजे २१, झिरो गेज म्हणजे ५३. पण आपल्याकडे मोटार वाइंडिंगवाले जो गेज बोलतात तो ब्रिटिश, त्याचे आकडे वेगळे. आणि पाकिटावर "४ गेज" लिहून आत कोणताच गेज नसलेली वायर विकणारे तर भरपूर. बाहेरचं रबरासारखं आवरण अंगठ्याएवढं जाड आणि आत तारांचा जुडगा पेन्सिलीच्या शिसाहून थोडा मोठा. म्हणून दुकानात गेज विचारूच नका. "किती स्क्वेअर एमएम?" असं विचारा, आणि कापलेलं टोक डोळ्यांनी पाहा.

जाडी बरोबर निघाली तरी काम संपत नाही, कारण खरी फसवणूक धातूमध्ये आहे. स्वस्त किटमध्ये जी वायर येते ती बहुतेक वेळा ॲल्युमिनियमची असते आणि तिच्यावर तांब्याचा पातळ मुलामा असतो. तिला सीसीए म्हणतात. वरून हुबेहूब तांबं. पण ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्केच करंट वाहून नेतं. म्हणजे दहा स्क्वेअरची सीसीए ही सहा स्क्वेअरच्या तांब्याइतकीच. तुम्ही दहाच्या भरवशावर फ्यूज घालता, आणि वायर सहाची निघते.

यात आणखी एक दोष आहे, आणि मला तो जास्त काळजीचा वाटतो. ॲल्युमिनियम मऊ असतं. स्क्रूखाली दाबलं की ते हळूहळू पसरत जातं, महिन्या-दोन महिन्यांनी स्क्रू घट्ट दिसतो पण दाब उरलेला नसतो. शिवाय हवेने त्यावर जो थर चढतो तो वीज नेत नाही. जोड ढिला, म्हणून गरम. गरम, म्हणून आणखी ढिला. पॅनेलमध्ये आम्ही ॲल्युमिनियम केबल वापरतो, पण त्यासाठी वेगळ्या लग (वायरच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोकं), वेगळं कंपाउंड आणि आवळायचा ठरावीक जोर, म्हणजे टॉर्क असतो. गाडीत यातलं काही नसतं. त्र्यंबक-इगतपुरीच्या पावसात कापलेल्या टोकात ओल गेली की तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांशी लागून पांढरी भुकटी धरतात, आणि एके दिवशी आवाज बंद.

सीसीए ओळखायचं कसं? एक तार काढा आणि ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ॲल्युमिनियम. उलटा प्रकार म्हणजे वरून पांढरी आणि खरवडल्यावर आत लाल. ती कथिलाचा हात दिलेली तांब्याची वायर, चांगली असते, तिला नाकारू नका. दुसरी खूण वजनाची. तांबं एका घन सेंटिमीटरला जवळपास नऊ ग्रॅम भरतं, ॲल्युमिनियम २.७. खऱ्या चार गेजच्या पाच मीटर वायरमध्ये नुसतं तांबंच साडेनऊशे ग्रॅम असतं, आवरण वेगळं. म्हणजे वायर, फ्यूज होल्डर, ऑडिओच्या केबल असं सगळं मिळून पूर्ण किटचं खोकं किलोच्या आत असेल, तर त्यात ते तांबं असूच शकत नाही. कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात वजन करून बघा, कोणी नाही म्हणत नाही.

तांब्याची वायर महाग पडते हे खरं आहे. पैसे कमी असतील तर ॲम्प्लिफायर लहान घ्या आणि वायर खरी घ्या. मी भाच्यालाही हेच सांगितलं असतं, पण तो विचारायला आला ॲम्प्लिफायर घेतल्यावर.

घराची वायर चालते का, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. तांबं म्हणून ती वाईट नाही. जाडी पुरेशी असेल तर केबिनच्या आत भागतं. पण इंजिनजवळ उष्णता आणि ऑइल-डिझेलचे थेंब असतात. घरगुती वायरचं साधं पीव्हीसी ७० अंशांपर्यंतच्या कामासाठी बनलेलं असतं. इंजिनच्या बाजूला १०५ अंशांचं आवरण असलेली ऑटो केबलच हवी, आणि तीही बारीक तारांची, वळणारी. जाड तारांची कडक वायर हादऱ्याने तुटते.

आता फ्यूज. बाकी सगळं चुकलं आणि हे एक बरोबर असलं तर गाडी वाचते. बाकी सगळं बरोबर आणि हे चुकलं, तर सांगता येत नाही.

लोकांना वाटतं फ्यूज ॲम्प्लिफायरला वाचवतो. ॲम्प्लिफायरला वाचवणारे फ्यूज त्याच्या अंगावरच आहेत, ते दोन पंचविसाचे. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज वायरला वाचवतो. बॅटरी ते ॲम्प्लिफायर या वाटेत वायर कुठेही घासून बॉडीला लागली, तर करंट ॲम्प्लिफायरपर्यंत जातच नाही. गाडीची बॉडी बॅटरीच्या मायनसला जोडलेली असते, त्यामुळे तो तिथूनच परत फिरतो. ॲम्प्लिफायरवरच्या फ्यूजला काही कळतही नाही. स्टार्टर फिरवणारी बॅटरी अशा वेळी शेकडो ॲम्पिअर सोडते. दहा स्क्वेअरच्या तांब्यातून ३०० ॲम्पिअर गेले तर दर मीटरमागे दीडशे वॅट उष्णता होते. आवरण आधी मऊ होतं, मग वितळतं, मग धूर. पीव्हीसीच्या धुरात आम्लाची वाफ असते, डोळे आणि घसा लगेच धरतो. चालत्या गाडीत हे झालं तर ड्रायव्हरला रस्ता दिसत नाही. आणि वायर बॅटरीपासून तोडायची तर बॉनेट उघडावं लागणार, जिथे ती जळते आहे.

म्हणून फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ बसेल तितका चांगला. दीड फूट, म्हणजे ४५ सेंटिमीटर, ही शेवटची हद्द. मी एक वीत अंतराच्या आत बसवतो. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या वायरला कोणीच वाली नसतो, ती लांबी कमीत कमी ठेवायची आणि तिच्यावर वेगळी स्लीव्ह चढवायची. पत्र्याच्या भोकातून आत गेल्यावर सीटखाली फ्यूज बसवणारे मी पाहिले आहेत. वायर जिथे कापली जाण्याची सगळ्यात जास्त शक्यता, ती जागा फ्यूजच्या अलीकडे राहिली, मग त्या फ्यूजचा उपयोग काय?

फ्यूज कितीचा, हे वायर ठरवते. मी वापरतो ते आकडे सांगतो, तांब्याचे आणि थोडे हात राखून धरलेले: सहा स्क्वेअरला ३० ॲम्पिअर, दहाला ५०, सोळाला ६०, पंचविसाला ८०, पस्तिसाला १००. ॲम्प्लिफायरला यापेक्षा जास्त लागत असेल तर फ्यूज वाढवायचा नाही, वायर वाढवायची. वायर ऐंशीची आणि ॲम्प्लिफायर पन्नासचाच असेल तर साठचा फ्यूज घाला, वायर आणखी निवांत राहील. फ्यूज त्याच्या आकड्यावर टपकन उडत नाही, हेही ध्यानात असू द्या. साठच्या फ्यूजमधून पासष्ट बराच वेळ जाऊ शकतात. वायर त्यापेक्षा दमदार हवी ती यासाठीच.

पूर्वी घरोघरी किटकॅट फ्यूज असायचे आणि तार उडाली की कोणीतरी दुप्पट जाड तार गुंडाळायचा. गाडीत तेच सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून होतं. फ्यूज उडाला म्हणजे काहीतरी सांगतो आहे. एकदा उडाला तर बदला, पुन्हा उडाला तर वायर पहिल्यापासून तपासा.

होल्डरही नीट पाहून घ्या. काचेच्या नळीचा जाड फ्यूज आणि प्लॅस्टिकचा होल्डर स्वस्तात मिळतो, पण त्यात टोकाची पकड कमी असते, फ्यूज धडधाकट राहतो आणि होल्डर वितळतो. पट्टीचा, बोल्टने आवळायचा एएनएल किंवा मिनी एएनएल घ्या. दोन ॲम्प्लिफायर असतील आणि जाड वायर मध्ये फोडून दोन बारीक वायर काढल्या असतील, तर त्या फाट्यावर प्रत्येक बारीक वायरला तिचा स्वतःचा फ्यूज हवा. बॅटरीजवळचा शंभरचा फ्यूज दहा स्क्वेअरच्या फाट्याला वाचवणार नाही.

वायरची वाट ठरवताना घाई करू नका, अर्धा तास नुसतं बघण्यात घालवा. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट हवाच, आणि तो वायरला घट्ट बसणारा. बहुतेक गाड्यांत कंपनीच्या हार्नेसचं, म्हणजे वायरच्या जुडग्याचं, मोठं ग्रोमेट असतं, त्यात बरेचदा एका वायरला जागा निघते. नवीन भोक पाडावं लागलं तर कडा कानसीने गोल करा, रंग लावा, मग रबर. इंजिनच्या बाजूला पूर्ण लांबी फ्लेक्झिबल पाइपमध्ये घाला. एक्झॉस्ट, फॅन बेल्ट, स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांच्यापासून लांब ठेवा. आत दरवाज्याखालच्या पट्टीतून न्या. तिथे पिवळ्या स्लीव्हची किंवा पिवळ्या कनेक्टरची वायर दिसली तर ती एअरबॅगची, तिला हात लावायचा नाही, तिच्यावर टाय बांधायचा नाही.

नाशकात आता सीएनजीच्या गाड्या खूप झाल्या आहेत, त्यांच्यासाठी वेगळं सांगतो. टाकी डिकीत असते आणि नळी गाडीच्या पोटाखालून पुढे जाते. टाकीच्या पट्ट्यांना ॲम्प्लिफायर टांगायचा नाही, वायर गॅसच्या नळीला बांधायची नाही, आणि डिकीच्या तळाला स्क्रू मारायचा नाही. पेट्रोलच्या गाडीतही मागच्या सीटखाली टाकी असते. ड्रिल हातात घ्यायच्या आधी एकदा गाडीखाली वाकून बघा.

प्लसवर सगळे लक्ष देतात, मायनसला उरलेली वायर लावतात. जेवढा करंट जातो तेवढाच परत येतो, तेव्हा अर्थची, म्हणजे मायनसपासून बॉडीला जाणारी वायरही तेवढीच जाड हवी. लांबी अर्धा मीटरच्या आसपास. बॉडीवर जागा निवडून तिथला रंग घासून पांढरा पत्रा काढा, दातेरी वॉशर घालून बोल्टने आवळा आणि वरून ग्रीस किंवा रंग लावा, नाहीतर पहिल्याच पावसाळ्यात गंज येतो. सीटबेल्टचा बोल्ट वापरू नका. अपघातात तो तुमचं वजन पेलणार असतो, त्याखाली लग घालून त्याची बैठक बिघडवायची नाही. अर्थ कच्चा राहिला तर करंट दुसरी वाट शोधतो, ऑडिओ केबलच्या जाळीतून डेकमध्ये शिरतो आणि आतला बारीक अर्थ जाळतो.

पिकअपला इथे एक अडचण आहे. केबिन चेसिसवर रबरावर बसलेली असते. केबिनचा पत्रा आणि चेसिस यांना जोडणारी एखादी पट्टी असते, ती गंजलेली असली तर अर्थ नावालाच. ट्रॅक्टरवर सिस्टिम लावणाऱ्यांचीही हीच गत. अशा गाडीत मी मायनसची वायरसुद्धा थेट बॅटरीपर्यंत नेतो.

जोड हा माझ्या रोजच्या कामाचा भाग, म्हणून याबद्दल आग्रह धरतो. वायरच्या टोकाला योग्य मापाची तांब्याची लग हवी. सोळा स्क्वेअरला सोळाचीच, पंचविसाची लग हातोडीने चेपून नव्हे. ती क्रिंपिंग टूलने दाबायची, मग हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळून बसणारी नळी. ज्या दुकानात लग मिळते तिथे बहुधा क्रिंप करूनही देतात, दोन लगसाठी टूल विकत घ्यायची गरज नाही. नुसता सोल्डरचा जोड गाडीत करू नका, सोल्डर तारांमध्ये चढून वायर कडक करतो आणि हादऱ्याने ती नेमकी तिथे तुटते. ॲम्प्लिफायरच्या खाचेत जाड वायर मावत नसेल तर काही जण तारा कापून बारीक करतात. तसं न करता पिन लग लावा.

बाकीच्या वायरचं थोडक्यात. डेकमधून येणारी रिमोटची वायर, बहुतेक वेळा निळी-पांढरी, ॲम्प्लिफायर फक्त चालू-बंद करते. ती बारीक चालते, पण थेट बॅटरीला जोडली तर ॲम्प्लिफायर रात्रभर जागा राहतो आणि सकाळी गाडी सुरू होत नाही. ऑडिओच्या केबल प्लसच्या वायरपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या, नाहीतर रेस दिल्यावर कुईऽऽ असा आवाज स्पीकरमधून येतो. स्पीकरला दीड स्क्वेअर पुरते. सबवूफर ५०० वॅटचा आणि दोन ओहमचा असेल तर सुमारे सोळा ॲम्पिअर जातात, त्याला चार स्क्वेअर द्या.

हेडलाइट बारीक होण्याचं एक कारण वायरशिवाय असू शकतं. लहान गाडीचा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा, साधारण ६० ते ९० ॲम्पिअर देतो, तेही इंजिन पळत असताना. त्यातले नऊ ॲम्पिअर नुसत्या दोन हेडलाइट घेतात, एसीचा ब्लोअर आणि रेडिएटरचा पंखा वेगळा. उभ्या गाडीत आयडलवर पन्नासचा ॲम्प्लिफायर वाजवला तर फरक बॅटरी भरून काढते, आणि संपते. जाड वायरने हे सुटत नाही, तिथे आवाज कमी करणं किंवा ॲम्प्लिफायर लहान घेणं एवढंच.

गाडीचा विमा काढताना ही सिस्टिम इलेक्ट्रिकल ॲक्सेसरी म्हणून पॉलिसीत नोंदवून घ्या. त्यासाठी आयएमटी २४ नावाचं कलम असतं. कंपनीच्या वॉरंटीत वायरिंग फोडायला मनाई असेल तर तेही आधी वाचा.

भाच्याची गाडी आम्ही दोघांनी त्याच संध्याकाळी धरली. सगळ्यात आधी बॅटरीचा मायनस काढला. तो आधी निघतो आणि शेवटी लागतो, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी पडत नाही. चार मीटर सोळा स्क्वेअरची लाल आणि तेवढीच काळी, साठचा मिनी एएनएल बॅटरीच्या शेजारी ब्रॅकेटवर. जुन्या भोकाची धार त्याने स्वतः कानसीने घासली. फ्यूज न घालता मल्टिमीटरने प्लस आणि बॉडी यांच्यात कंटिन्यूटी, म्हणजे कुठे आतून जोड लागलाय का, ते बघितलं, नव्हता. मग फ्यूज, मग मायनस.

गाडी चालू करून साठ हर्ट्झचा टोन दहा सेकंद वाजवला. डीसी क्लॅम्प मीटरवर ४१ ॲम्पिअर आले. घरच्या एसी करंटसाठीचा साधा क्लॅम्प इथे काहीच दाखवत नाही, म्हणून मी माझा कामावरचा आणला होता. बॅटरीच्या प्लसपासून ॲम्प्लिफायरच्या प्लसपर्यंत ०.२२ व्होल्ट, मायनसच्या बाजूला ०.२४. वीस मिनिटं गाणी वाजवून मी त्याला प्रत्येक लगवर हात ठेवायला लावला. फ्यूजची पट्टी कोमट होती, बाकी सगळं थंड.

पंधरा दिवसांनी तो पुन्हा आला तेव्हा सगळे बोल्ट पान्याने तपासले. ॲम्प्लिफायरचा मायनसचा स्क्रू पाव फेरा फिरला. तेवढा आवळला, आणि साठचा एक जादा फ्यूज डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवून दिला.